ऑस्ट्रेलियात कंपनीचं ‘नॉमिनेशन’ फेटाळलं, तर अपील कोण करू शकतं?

समजा, शिकायला ऑस्ट्रेलियात गेलेल्या वैरागच्या एका तरुणाला पर्थमधल्या गॅरेजने मोटार मेकॅनिक म्हणून नोकरी देऊ केली. गॅरेजने त्याच्यासाठी सरकारकडे अर्ज केला, त्यानेही व्हिसाचा अर्ज भरला. काही महिन्यांनी गॅरेजचा अर्ज नामंजूर झाल्याचा ईमेल आला. तो आला गॅरेजच्या मालकाला. त्यावर अपील करायचं की नाही, हेही मालकच ठरवणार.

परदेशी नोकरीचं स्वप्न पाहणाऱ्या अनेकांना ही अट माहीत नसते. नोकरी, घरभाडं, गावाकडचं कर्ज असं सगळं ज्याचं पणाला लागलेलं असतं, त्याला या अपिलाचा अधिकारच नसतो. हे नेमकं कसं चालतं, ते समजून घेऊ.

नॉमिनेशन म्हणजे काय?

कंपनीमार्फत मिळणाऱ्या कुशल कामगार व्हिसाचे (क्रमांक ४८२) तीन टप्पे आहेत. आधी कंपनीला स्पॉन्सर म्हणून मान्यता मिळते. मग ‘अमुक कामासाठी आम्हाला ही व्यक्ती हवी आहे’ असा अर्ज कंपनी करते, त्याला नॉमिनेशन म्हणतात. तिसरा टप्पा कामगाराच्या स्वतःच्या व्हिसा अर्जाचा.

७ डिसेंबर २०२४ पासून या व्हिसाचं नाव ‘स्किल्स इन डिमांड’ झालं. त्यातल्या मुख्य गटासाठी ४५६ कामांची यादी आहे. किमान पगाराची अटही आहे. १ जुलै २०२५ रोजी ही मर्यादा वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. ती दरवर्षी बदलते.

नॉमिनेशन नाकारण्याची कारणं बहुतेक वेळा कंपनीशी जोडलेली असतात. ही जागा खरोखर गरजेची आहे का? पगार स्थानिक कामगाराइतका आहे का? आधी स्थानिक उमेदवार शोधण्यासाठी नियमाप्रमाणे किमान चार आठवडे जाहिरात दिली होती का? एवढा पगार देण्याची कंपनीची ऐपत आहे का? कामगार कितीही हुशार असला, तरी यातल्या एका प्रश्नावर कंपनी अडकली की त्याचा व्हिसा अर्जही कोसळतो.

अपील कुठे आणि किती दिवसांत?

१४ ऑक्टोबर २०२४ पासून अशी प्रकरणं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल’कडे जातात. त्याआधी हे काम ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनल’ करत असे.

मुदत आहे २८ दिवसांची आणि ती वाढवून मिळत नाही. नकार ईमेलने कळवला असेल, तर तो पाठवला त्याच दिवशी मिळाला असं धरलं जातं. मालकाने तो उशिरा उघडला, तरी दिवस मोजणं थांबत नाही. फी सुमारे साडेतीन हजार डॉलर आहे. निकाल बाजूने लागला, तर निम्मी परत मिळते.

ट्रिब्युनल संपूर्ण प्रकरण नव्याने तपासतं. त्यामुळे कंपनी नवे हिशेब, कामाचं सविस्तर वर्णन, पगाराचे पुरावे देऊ शकते. मात्र सुनावणीला महिनोन्महिने लागतात. तोवर कंपनी बंद पडली किंवा मालकाचा विचार बदलला, तर कामगाराच्या हाती फारसं काही उरत नाही.

कामगाराला काहीच अधिकार नाही का?

आहे, पण तो मालकाच्या निर्णयावर टांगलेला आहे. कामगार ऑस्ट्रेलियात असताना त्याचा ४८२ व्हिसा नाकारला गेला, तर त्या नकाराविरुद्ध तो स्वतः ट्रिब्युनलकडे जाऊ शकतो. अट अशी की, त्याच्यासाठीचं नॉमिनेशन मंजूर असलं पाहिजे किंवा त्याबद्दलचं कंपनीचं अपील प्रलंबित असलं पाहिजे. मालकाने अपीलच केलं नाही, तर कामगारासाठीही दार बंद.

दोन्ही अपिलं वेगळी, दोन्हींची फी वेगळी. मालकाने अपील केलं म्हणून कामगाराचं आपोआप होत नाही. कामगाराने वेळेत अपील केलं, तर त्याचा ब्रिजिंग व्हिसा निकालापर्यंत चालू राहू शकतो.

आणखी एक धोका आहे. ऑस्ट्रेलियात असताना व्हिसा नाकारला गेला आणि हाती दुसरा मूळ व्हिसा नसला, तर देशात राहून बहुतेक नवे व्हिसा अर्ज करता येत नाहीत. त्यामुळे नॉमिनेशन फेटाळल्याचं कळताच, व्हिसा अर्जावर निर्णय होण्याआधी तो मागे घ्यावा का, हा सल्ला तातडीने घ्यावा लागतो.

अपील करायचं की नवा अर्ज?

चूक कोणती आहे, त्यावर हे ठरतं. पुरावे कमी पडले असतील, तर अपिलात ते देता येतात. जाहिरात नियमाप्रमाणे दिलीच नसेल, तर मागची तारीख टाकून ती देता येत नाही. अशा वेळी चुका सुधारून नवं नॉमिनेशन करणं शहाणपणाचं. त्याची फी ३३० डॉलर आहे. कंपनीला प्रशिक्षण निधीची रक्कम मात्र वेगळी भरावी लागते. कायम निवासाच्या १८६ व्हिसात आणखी एक अडचण आहे. तिथे व्हिसा अर्ज ठरावीक नॉमिनेशनला बांधलेला असतो. नवं नॉमिनेशन मंजूर झालं, तरी जुना अर्ज त्यावर तरत नाही.

इतर देशांत काय?

अमेरिकेत एच-१बी व्हिसासाठीची याचिकाही कंपनीच करते आणि ती फेटाळल्यावर अपीलही साधारणपणे कंपनीच करू शकते.

जर्मनीत चित्र वेगळं आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यामुळे आपल्याकडे या देशाची चर्चा वाढली. तिथे व्हिसा नाकारला, तर दाद अर्जदार स्वतः मागतो. पण दूतावासाकडे फेरविचाराची विनंती करण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं, हेच पर्याय उरलेत.

मग काय काळजी घ्यावी?

ऑफर स्वीकारतानाच मालकाला विचारा: नॉमिनेशन फेटाळलं, तर अपील करणार का? उत्तर लेखी घ्या. नकाराचं पत्र मालकाच्या नावाने येतं, त्याची प्रत त्याच दिवशी मागा. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ऑस्ट्रेलियाच्या सरकारी यादीत तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्पॉन्सरशिपसाठी मालकाला पैसे देऊ नका. नॉमिनेशनची फी आणि प्रशिक्षण निधीची रक्कम कंपनीनेच भरायची असते. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं आणि देणं, दोन्ही ऑस्ट्रेलियात २०१५ पासून बेकायदा आहे. जमीन गहाण ठेवून असे पैसे भरणाऱ्यालाही कारवाईला तोंड द्यावं लागू शकतं, आणि त्याचा व्हिसाही जाऊ शकतो.