पाण्याबाहेर आलो म्हणजे सुटलो नव्हे

डब्लिनच्या पश्चिमेस क्लोनडॉकिन नावाचे उपनगर आहे. येथे एक प्राचीन गोल मनोरा आहे, जवळून ग्रँड कालवा जातो. समुद्र मात्र नाही. मॉरिशसची आम्ही काही मराठी माणसे येथे राहतो. अशा ठिकाणाहून आम्ही बेटावरच्या वाचकांना स्कूबा डायव्हिंगच्या अपघातांविषयी सांगावे, हे काहींना नवल वाटेल. पण तसे कारण घडले आहे.

मागच्या सुट्टीत आमच्या घरातला एक मुलगा मॉरिशसला गेला होता. परतीच्या दिवशी सकाळी त्याने फ्लिक-आं-फ्लाकला दोनदा बुडी मारली, दुपारी वाक्वाला आजीच्या हातचे जेवला आणि रात्री प्लेझान्सहून विमानात बसला. येथे पोहोचला तेव्हा त्याचा खांदा दुखत होता आणि हाताला मुंग्या येत होत्या. "खुर्चीत अवघडून झोपलो," असे म्हणून त्याने गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेला, पण समुद्रात उतरल्याचे त्याने सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. संध्याकाळी मावशीने सुट्टीचे फोटो पाहायला मागितले, तेव्हा कुठे उलगडा झाला. मुलगा उपचाराने बरा झाला, परंतु बोटांचा बधिरपणा पुष्कळ दिवस गेला नाही.

यामागचे शास्त्र अवघड नाही. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. त्या दाबाखाली घेतलेल्या हवेतील नायट्रोजन वायू रक्तात व मांसात विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणे शरीरात बुडबुडे होतात. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, म्हणून बुडीनंतर लगेच उडणे म्हणजे आणखी वर येणेच होय. आयर्लंडमधील लिस्मोर येथे १६२७ साली जन्मलेल्या रॉबर्ट बॉईल यांनी हवेचा दाब कमी केलेल्या पात्रात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात असा बुडबुडा पाहिला आणि १६७० साली ते लिहून ठेवले. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे हे ज्ञान आमच्या घरात मात्र कोणाला नव्हते!

सांधेदुखी, मुंग्या, बधिरपणा, चक्कर, अंगावर चट्टे, विलक्षण थकवा, चालताना तोल जाणे किंवा लघवी न होणे ही या विकाराची लक्षणे आहेत. बहुतेक वेळा ती काही तासांत दिसतात, क्वचित एक दिवसानेही. बुडीनंतर यांपैकी काहीही झाले तर ते बुडीमुळेच झाले असे धरून चालावे. रोग्याला आडवे निजवावे, शुद्ध ऑक्सिजन द्यावा, शुद्धीवर असल्यास पाणी पाजावे. दारू देऊ नये. "पुन्हा खाली गेलास की बरे वाटेल" हा सल्ला तर मुळीच ऐकू नये. ऑक्सिजनने आराम पडला तरी डॉक्टर टाळू नये. किती खोल आणि किती वेळ गेला होता ते कागदावर लिहून सोबत द्यावे. जोडीदारालाही तपासून घ्यावे. श्वासच बंद पडला असेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीवर तीस दाब व दोन श्वास हा क्रम मदत येईपर्यंत सोडू नये.

खरा उपचार उच्चदाबाच्या कक्षात होतो. तेथे रोग्याला साधारण अठरा मीटर खोलीइतका दाब देऊन ऑक्सिजनवर ठेवतात आणि सुमारे पाच तासांत हळूहळू वर आणतात. आयर्लंडमध्ये असा कक्ष गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात आहे, म्हणजे क्लोनडॉकिनपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर. त्यामुळे लक्षणे लपवण्यात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. येथे ११२ किंवा ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागावे लागते. मॉरिशसमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११४ हा क्रमांक आहे.

पाण्याबाहेरचे संकट दुसऱ्या रूपानेही येते. आपल्या पूर्वजांच्या कोकणात, मालवणजवळ तारकर्लीला, २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. किनारा जवळ आला, की माणूस बेसावध होतो.

आमच्या मते दोष केवळ पोरांचा नाही. मुलगा पाण्यात उतरतो तेव्हा आपण "जपून रे" एवढेच म्हणतो. नौकेवर ऑक्सिजन आहे का, सर्वांना पुरतील इतकी जीवरक्षक जाकिटे आहेत का, फोन कोण करणार, हे कोणी विचारत नाही. विचारले तर मुलाला कमीपणा वाटेल अशी आपल्याला भीती वाटते. दुखणे सांगितले तर मित्र हसतील म्हणून मुलगा गप्प राहतो. डायव्हिंग केंद्रांत आपली किती तरी मुले नोकरी करतात. त्यांनी तर गिऱ्हाइकासमोर स्वतःचे दुखणे गिळणे हीच मर्दुमकी मानू नये. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय आता सोडली पाहिजे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून आपल्या मंडळांनी वर्षाला एक प्रथमोपचाराचा वर्ग भरवला, तर गणपतीबाप्पा रागावणार नाहीत.

आणि सुट्टीला गावी जाणाऱ्या आमच्यासारख्यांना एक विनंती. शेवटची बुडी आणि विमान यांत पूर्ण एक दिवस ठेवा. तो दिवस आजीजवळ बसून घालवा, तिलाही बरे वाटेल. एवढे करूनही हाताला मुंग्या आल्या तर लाजू नका, बोला. विमान चुकले तर दुसरे मिळते.