फाइल असूनही पुस्तक नाही

मराठी पुस्तक आज संगणकावरच तयार होते. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मांडणी सारे पडद्यावर; कागदाचा क्रमांक शेवटचा. पण तेच पुस्तक दृष्टिहीन वाचकाला हवे असले की उलटा प्रवास सुरू होतो. एखाद्या संस्थेचा स्वयंसेवक छापील प्रत विकत आणतो, पाने स्कॅन करतो, ओसीआर प्रणालीकडून अक्षरे ओळखून घेतो आणि मग ओळ न ओळ तपासत बसतो. जोडाक्षरे, रफार, अनुस्वार आले की यंत्र हमखास अडखळते. प्रकाशकाकडे तयार असलेला मजकूर असा दुसऱ्यांदा घडवावा लागतो.

हा प्रश्न केवळ अंध व्यक्तींचा नाही. डिस्लेक्सिया असलेली मुले, कंपवातामुळे हातात पुस्तक स्थिर न राहणारे, उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजल्याने ओळ दिसेनाशी झालेले ज्येष्ठ, हे सगळे यात येतात. (या शेवटच्या गटात आयुष्यभर भरपूर वाचन केलेलेही असतात.) फाइल नीट असेल तर कोणी अक्षर मोठे करून वाचेल, कोणी ऐकेल, कोणी ब्रेल डिस्प्लेवर बोटे फिरवेल.

कायद्याची आडकाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा रूपांतराला मुभा मिळाली. याच विषयावरच्या २०१३ च्या मराकेश कराराला अनुमोदन देणारा पहिला देश भारतच. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले. मात्र कॉपीराइट कायदा रूपांतराची परवानगी देतो. मूळ फाइल द्यायला प्रकाशकाला भाग पाडत नाही. घोडे तिथेच अडते.

फाइल मिळाली तरी मराठीत आणखी एक अडचण असते. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेला असतो भलत्याच रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेतांक. स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, संकेतांक वाचतो. त्यामुळे कादंबरीऐवजी कानावर अगम्य खिचडी पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा क्रमांक ठरलेला असल्याने हा घोळ होत नाही.

मोबाइलचा कॅमेरा आता छापील पान वाचून दाखवतो, मग वेगळी फाइल कशाला, असे विचारले जाते. पत्र किंवा औषधाची चिठ्ठी वाचायला कॅमेरा ठीक. चारशे पानांच्या संदर्भग्रंथात सातव्या प्रकरणातली तळटीप शोधायची, तर मथळे आणि पाने खुणावलेली ईपब फाइलच लागते.

प्रकाशकांची भीती चोरीची असते. ती खोटी नाही, पण चोरट्या पीडीएफ आजही फिरतातच, आणि त्या बहुधा पानांचे नुसते फोटो असतात. म्हणजे चोराला पुस्तक मिळते, पैसे मोजायला तयार असलेल्या दृष्टिहीनाला नाही!

युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून बाजारात येणारी ई-पुस्तके सुलभ असणे बंधनकारक झाले आहे. इथे निदान सरकारी पैशातून निघणाऱ्या आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या पुस्तकांना तरी छापील प्रतीबरोबर युनिकोड ईपब देण्याची अट घालावी. पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके त्यात सर्वांत आधी हवीत. परीक्षा झाल्यावर हाती पडलेल्या पुस्तकाचा परीक्षार्थीला काय उपयोग?