लॅपटॉपला कडक डबा घेताय? आधी आत हात घालून बघा

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पुण्याची शिवशाही, बाबा पेट्रोल पंपापासून रात्रीची ट्रॅव्हल्स, स्टेशनवरून देवगिरी, नाहीतर चिकलठाण्याहून विमान. यांतल्या कुठल्याही रांगेत उभे राहा, जिकडेतिकडे पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये लॅपटॉप. कुणी वाळूजच्या कंपनीतला इंजिनिअर, कुणी हिंजवडीला पहिल्याच नोकरीवर निघालेली मुलगी, कुणी विद्यापीठातला पीएचडीवाला, आख्ख्या प्रबंधाची एकुलती एक फाइल घेऊन हिंडणारा. (त्याला वेगळं सांगायचंय: आधी त्या फाइलची दुसरी कॉपी काढ बाबा, डबा नंतर घे.) या सगळ्यांना विनंती एवढीच, की प्रवासासाठी कडक डबा जरूर घ्या, पण नुसता कडक आहे म्हणून घेऊ नका.

लॅपटॉप प्रवासात जातो कशानं, ते आधी बघू. पैठण गेटला एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे फुटलेला पडदा नीट जवळून बघा. बऱ्याचदा बाहेरचं झाकण धड असतं, ओरखडासुद्धा नसतो. आत मात्र एका जागी शाईच्या ठिपक्यासारखा काळा डाग आणि तिथून कडेपर्यंत पसरत गेलेले बारीक तडे. तो डाग म्हणजे चार्जरचा ठोकळा जिथे टेकला होता ती जागा. सॅक गच्च भरलेली, चार्जर लॅपटॉपला चिकटून, वर कुणाची तरी दुसरी बॅग, आणि नगरपर्यंतचे खड्डे. पडला नाही, आपटला नाही, फक्त दबला. दुसरं कारण कोपरा. सॅक खांद्यावरून घसरते, फरशीवर टेकते आणि सगळा भार एका कोपऱ्यावर येतो. बिजागरी तिथूनच सैल व्हायला लागते. पाणी आणि धूळ यांचा नंबर नंतर.

दाबाला उत्तर कडक कवच. आपटण्याला मात्र कवच हे उत्तर नाही. गाडीवरचं हेल्मेट आठवा: वरचं चकचकीत कवच घाव पसरवतं, पण डोकं वाचवतं ते आतलं थर्माकोल. डब्याचंही तसंच आहे. आत गादी नसेल तर कडक डबा बसलेला हिसका जसाच्या तसा लॅपटॉपला पोचवतो. म्हणून दुकानात डबा हातात आला की बाहेरून ठोकून बघू नका. उघडा, आत हात घाला, चारही कोपरे चाचपा. तिथे बोटाच्या जाडीचा दाट फोम लागला पाहिजे. अंगठ्यानं दाबल्यावर तो दबावा आणि सोडल्यावर परत वर यावा. दाबताच अंगठा थेट तळाला टेकला तर तो फोम शोभेचा. आणि तळ बघा. लॅपटॉप उभा ठेवल्यावर खालची कड डब्याच्या बुडावर न टेकता गादीवर टेकायला हवी.

आता बाजारात "हार्ड केस" म्हणून काय काय मिळतं ते पाहू, कारण एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे लॅपटॉपलाच चिकटून बसणारं पातळ पारदर्शक कव्हर. खाली एक, वर एक, कडेला क्लिपा. हे ओरखड्यांसाठी आहे, प्रवासासाठी नाही. वरच्या कव्हरचं वजन झाकणावर येतं, ते बिजागरीला सोसावं लागतं, आणि खालच्या जाळीची हवा अडली तर मशीन तापतं. ज्यांना स्टिकर लावायची हौस आहे त्यांनी घ्यावं.

दुसरी वस्तू ईव्हीएची खोळ. ईव्हीए म्हणजे चपलांच्या तळव्यात असतं ते हलकं, स्पंजासारखं मटेरियल. साच्यात दाबून त्याला आकार देतात, वर कापड, तीन बाजूंनी चेन. ही दाबल्यावर किंचित लवते आणि परत येते. हजार-दीड हजारात बरी मिळते आणि रोजच्या सॅकमध्ये जाते. वर्षातून पाच-सहा वेळा पुण्या-मुंबईला जाणाऱ्या माणसानं माझ्या मते हीच घ्यावी, यापेक्षा जास्त कशाची गरज नाही.

तिसरा तो खरा डबा: जाड पॉलिप्रॉपिलीन, झाकणाच्या कडेनं रबराची वळी, जाड खटके. अमेरिकेतल्या पेलिकननं 1976 पासून असले डबे रुळवले. या जातीच्या चांगल्या डब्याला हवेचा दाब सारखा करणारी बारीक झडप असते, नाहीतर विमानातून उतरल्यावर झाकण उघडायला दोघे लागतील. आयपी 67 असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ धूळ अजिबात आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी पाणी शिरणार नाही. हा डबा जड असतो, महाग असतो, बाहेरचा माल असेल तर दहा हजारांच्या पुढे सहज जातो. अजिंठ्याला शूटिंगचं सामान नेणारे, जायकवाडीच्या काठावर मोजणी करणारे, ड्रोनवाले, टेम्पोत बसून साइटवर जाणारे, यांनी जरूर घ्यावा. हिंजवडीच्या पोरीनं घेऊ नये. सात किलोच्या हातसामानातले दोन-तीन किलो डब्यानंच खाल्ले तर कपडे कशात नेणार?

डब्यावर "मिलिटरी ग्रेड" छापलेलं दिसलं की भाव वाढवून सांगतात. ज्या 810 नंबरच्या मानकाचा हवाला देतात, ते अमेरिकी संरक्षण खात्यानं लिहिलेलं चाचण्यांचं पुस्तक आहे. त्यात पडण्याची चाचणी आहे, उष्णतेची आहे, धुळीची आहे, कंपनाची आहे. यांतली कुठली केली आणि किती उंचीवरून पाडलं, हे लिहिलेलं नसेल तर ते दोन शब्द म्हणजे नुसता रंग समजा.

प्लास्टिक कसलं, हे विचारायला आपल्या गावात लाजायचं कारण नाही. वाळूज-चिकलठाण्यात मोल्डिंगची मशीनं चालवणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, चिकलठाणा एमआयडीसीत प्लास्टिकचं तंत्र शिकवणारी सिपेट ही संस्था आहे. ओळखीत तिथे शिकलेलं कुणी असेल तर दुकानात सोबत न्या, चहा पाजा. थोडक्यात सांगायचं तर एबीएस स्वस्त, ताठ आणि चकचकीत. वाकवलं की त्यावर पांढरी रेघ उमटते आणि पुढे तिथेच तडकतं. पॉलिकार्बोनेट लवतं, घाव खाऊन परत जागेवर येतं. पॉलिप्रॉपिलीन दिसायला मेणचट, पण चिवट. आपल्याकडच्या घरोघरी लग्नात आलेल्या व्हीआयपीच्या सुटकेसा आठवा. नाशिकच्या कारखान्यांत बनलेल्या त्या सुटकेसा अजून माळ्यावर धड आहेत, तुटलंय ते त्यांचं कुलूप, नाहीतर मूठ.

डब्याचं तसंच होतं. कवच शेवटी मोडतं, आधी जातात खटके, बिजागरी, मूठ आणि चेन. बिजागरीत आरपार लोखंडी सळई आहे का बघा. नुसत्या प्लास्टिकच्या घडीवर झाकण झुलत असेल तर ती घडी पांढरी पडली की संपलं. मूठ रिव्हेटनं ठोकलेली असण्यापेक्षा स्क्रूनं बसवलेली बरी, निदान बदलता येते. ईव्हीएच्या खोळीत चेन जिथे कवचाला शिवलेली असते तो टाका दोन्ही हातांनी ताणून पाहा. आणि चेनचे दात आतून उघडे नकोत, वर कापडाची पट्टी हवी, नाहीतर लॅपटॉप घालता-काढता कडा खरवडून निघतात.

मापाच्या बाबतीत एक गफलत फार लोक करतात. 15.6 इंच हे पडद्याच्या कर्णाचं माप असतं, यंत्राचं नव्हे. जुना जाडजूड 15.6 आणि नवा बारीक कडांचा 15.6 एका डब्यात सारखे बसत नाहीत. घरी टेप घेऊन लांबी, रुंदी आणि बंद केल्यावरची जाडी सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. डब्याचं आतलं माप, गादी धरून, लॅपटॉपपेक्षा अगदी थोडं मोठं हवं. डबा बंद करून कानाजवळ हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर तो डबा तुमच्या मशीनचा नाही.

चार्जर त्याच कप्प्यात नको. डब्याला वेगळा खिसा असेल तरी तो झाकणाच्या बरोबर मध्ये असलेला नको, कारण मग पुन्हा तोच ठोकळा पडद्यावर.

बसच्या डिकीत लॅपटॉप देऊ नका, डबा कितीही भारी असो. तिथे बॅगा फेकल्या जातात, आणि उन्हाळ्यात आतली हवा भट्टीसारखी तापते. सॅक मांडीवर घ्या, किंवा पायांमध्ये उभी ठेवा. रेल्वेत बर्थखाली सरकवायची असेल तर साखळी लावा. विमानात लॅपटॉप हातसामानातच न्या. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या तर चेक-इनच्या बॅगेत चालतच नाहीत. तपासणीला आपल्याकडे लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला लावतात, तेव्हा चार खटके आणि दोन कुलपं असलेला डबा घेऊन मागच्या रांगेचे शिव्याशाप खाऊ नका. आणि लहान एटीआर विमान असलं की कधी कधी दारातच हातातली बॅग खाली सामानात घेतात. खोळ सॅकमधून पटकन वेगळी निघत असेल तर लॅपटॉप तुमच्याजवळ राहतो.

डब्यात ठेवण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसतं झाकण लावून झोपवलेला लॅपटॉप मध्येच जागा होतो, आणि बंद कवचात त्याच्या गरमीला वाट मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो, तेव्हा हे फार महागात पडतं. मे महिन्यात निराला बाजारात उभ्या केलेल्या कारमध्येही डबा ठेवून जाऊ नका. पावसाळ्यात पाणी अडवणारा डबा घेतलाच तर आत सिलिका जेलची पुडी ठेवा, कारण बाहेरचं पाणी अडवणारी रबराची वळी आतला दमटपणाही तसाच कोंडून ठेवते. त्या वळीत चिकटलेली काळ्या मातीची धूळ ओल्या फडक्यानं पुसत जा. एक खडा अडकला तरी तिथून पाणी शिरतं.

खरेदी शक्यतो समोरासमोर करा. लॅपटॉप सोबत न्या, दुकानात घालून बघा, बंद करा, हलवा. ऑनलाइन मागवायचाच असेल तर परत घेण्याची मुदत आधी वाचा आणि डबा आला त्याच दिवशी लॅपटॉपच्या वजनाची पुस्तकं त्यात भरून घराच्या जिन्यावरून दोनदा वर-खाली करा. मूठ करकरली, खटका आपोआप सुटला, तर मुदत आहे तोवर परत पाठवा.