चंद्रावरचा वाडा

एरवी दर आठवड्याला या सदरात मी शब्दांच्या खोड्या काढीत असतो. दिवाळी अंकात संपादक जरा पाय पसरू देतात, तेव्हा वाचकहो, यंदा एक कबुली देऊन टाकतो. विषय चंद्राचा आहे. अपराध मात्र इथलाच, वाशिमचा आणि माझा.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ चंद्रावर सुखरूप उतरले आणि पुढच्या वर्षापासून तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होऊ लागला. आमच्या महाविद्यालयात त्या निमित्ताने वादविवाद स्पर्धा ठेवली होती. विषय भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी सुचवलेला : ‘चंद्राच्या छायाचित्रांत दिसणारी बांधकामे खरी आहेत.’ पोरे मोबाइलवर असली चित्रे पाहून माना डोलावतात, तेव्हा एकदा सर्वांसमक्ष त्यांचे पितळ उघडे पडावे, हा त्यांचा सरळ हेतू. परीक्षक मी. सत्यनारायणाला जसे गुरुजी, तसे स्पर्धेला मराठीचे प्राध्यापक. विषय कोणता आहे हे विचारायची पद्धत नाही.

अनुकूल बाजूने बोलायला उभी राहिली ती रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एस.टी.ने येणारी दुसऱ्या वर्षाची मुलगी. चांदोबाच्या बडबडगीतात मामाचा वाडा असतो, तिथून तिने सुरुवात केली. “वाड्याची बातमी आपल्याला पाळण्यातच कळली होती, शास्त्रज्ञांना ती उशिरा कळली,” या वाक्याला सभागृह खुलले. मग ती नोव्हेंबर १९६६ मध्ये शिरली. अमेरिकेच्या ‘लूनर ऑर्बिटर-२’ यानाने चंद्राच्या शांतिसागर भागाचे एक छायाचित्र पाठवले होते. त्यात काही टोकदार सुळके आणि त्यांच्या लांबच लांब सावल्या. बोइंग कंपनीतल्या विल्यम ब्लेअर यांना त्या सुळक्यांच्या मांडणीत भूमिती दिसली. असे काही पृथ्वीवर दिसले असते तर पुरातत्त्ववाले आधी तिथे खणायला धावले असते, असे त्यांचे म्हणणे. “आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म,” ती म्हणाली, “हे तरी खणल्यावाचून, वाचल्यावाचून कोणाला दिसलं होतं?” शेवटी तिने डिसेंबर २०२१ गाठले. चीनची ‘युतू-२’ ही गाडी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला फिरत होती. तिला सुमारे ऐंशी मीटरवर, क्षितिजाच्या रेषेवर, एक चौकोनी आकार दिसला. चिनी मंडळींनीच त्याला ‘गूढ झोपडी’ म्हटले. “झोपडीचं दार कोणी उघडायचं?” एवढे बोलून ती खाली बसली.

प्रतिकूल बाजूचा मुलगा उठला, टेबलावर मूठ आपटून “हे सगळं थोतांड आहे!” म्हणाला आणि चार मिनिटे तेच निरनिराळ्या आवाजांत म्हणत राहिला. माझ्यापुढच्या कागदावर रकाने होते : मांडणी, भाषा, उच्चार, आत्मविश्वास. मी इमानाने गुण दिले. पहिले बक्षीस मुलीला. टाळ्या चालू असतानाच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक उठून गेले, ते पुढे आठवडाभर चहालाही माझ्या टेबलाशी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. मला वाटले, पेढे आणले असतील.

“सर, त्या झोपडीची गोष्ट मी मुद्दाम अर्ध्यावर सोडली होती. तुम्हांला ठाऊक होतं ना?”

मला ठाऊक नव्हते. महिनाभराने, जानेवारी २०२२ मध्ये, ती गाडी जवळ गेली, तेव्हा झोपडीच्या जागी एक लहानसा दगड निघाला. बसलेल्या सशासारखा. गाडीचेही नाव युतू, म्हणजे चिनी पुराणातला चंद्रावरचा ससाच. चंद्राला शशांक म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना यात नवल वाटले नसते; पण शशांक शब्दाची फोड वर्गात दरवर्षी करणाऱ्या मला ही गोष्ट एका विद्यार्थिनीकडून कळावी! “मला वाटलं, तुम्ही शेवटी विचाराल,” ती म्हणाली. रागाने नव्हे. रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते.

मग मी वाचू लागलो. ते सुळके सोडवायला काही फार मोठे गणित लागत नाही. सूर्य क्षितिजाच्या अकरा अंश वर असेल, तर सपाट जमिनीवर सावली वस्तूच्या पाचपट पडते. जमीन पलीकडे उतरती असली तर आणखी लांबते. सावलीवरून उंची मोजणारा माणूस उताराला विसरला की खडकाचा मनोरा होतो. बोइंगमधल्याच रिचर्ड शॉर्टहिल यांनी तेव्हा सांगितले होते की, चंद्रावर असे खडक पुष्कळ आहेत. कोणतेही काही निवडा, कधी ना कधी त्यांत आकृती सापडेलच. छायाचित्रांच्या आधीही हेच. म्युनिकच्या ग्रुइथुइझेन यांना १८२२ साली दुर्बिणीतून चंद्रावर तटबंदीचे शहर दिसले होते. दुर्बिणी सुधारल्या, शहर गेले, डोंगरांच्या रांगा राहिल्या.

आणि माणसाने केलेली वस्तू चंद्रावर खरोखर कशी दिसते? सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ उतरताना कोसळले. त्याचे अवशेष शोधले ते चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन या अभियंत्याने, नासाच्या यानाने काढलेली आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून. त्याला सापडला एक पांढरा ठिपका. आधी नव्हता, नंतर होता. नासाने तो तपासला आणि डिसेंबरमध्ये जाहीर केले की, खरेच ते विक्रमचे तुकडे आहेत. ना कमान, ना मनोरा. मी त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहत बसलो.

सप्टेंबरात सहल लोणारला गेली. रिसोडवरून जाणारी ही वाट आम्हा वाशिमकरांच्या पायाखालची. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आले होते. बोलत नव्हते, पण आले होते. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा हा खड्डा काळ्या बेसॉल्टमध्ये आहे. चंद्रावरच्या काळसर पठारांचा दगडही बेसॉल्टच, म्हणून चंद्राचे अभ्यासक इथे येतात. आमच्याकडे ही लवणासुराची गुहा : विष्णूने अंगठ्याने तिचे झाकण उडवले. कित्येक पंडित ज्वालामुखी म्हणत होते. खड्ड्यात भोके पाडून आतला दगड तपासला, तेव्हा जबर आघाताच्या खुणा सापडल्या, आणि १९७३ साली ही उल्केची करणी असल्याचे छापून आले.

सकाळी दहाला त्या मुलीने पलीकडच्या कड्याकडे बोट दाखवले. “सर, तट!” खरेच, एकावर एक घडीव थर रचल्यासारखी भिंत दिसत होती. मोबाइलवर तिने फोटो काढला. मी तोंड उघडले नाही; अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात ते एवढेच. आम्ही खाली उतरलो, देवळे पाहिली, घाम गाळत वर आलो. चार वाजता ऊन फिरले होते. त्याच जागेवरून तिने पुन्हा फोटो काढला. तट कुठेच नव्हता. लाव्ह्याचे ओबडधोबड थर आणि मधूनमधून झुडपे. दोन्ही फोटो तिने प्राध्यापकांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते पाहिले, मग मला हाक मारली. आठवडाभरानंतरची पहिली हाक.

“बक्षीस परत करू का सर?” परतीच्या बसमध्ये तिने विचारले. मी नको म्हणालो. ते तिने मिळवले होते; चूक कागदाच्या रकान्यांत होती, आणि ते रकाने मी आखले होते. नव्या कागदावर आता ‘पुरावा’ असा एक रकाना आहे, त्याला सर्वांत जास्त गुण. तो भरायला पुढच्या वर्षी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक बसतील. मी घंटा वाजवणार आहे.