चिठ्ठी दिली, बाळ पोचले का?

आजारी नवजात बालकाला आशा कार्यकर्तीने रुग्णालयाची चिठ्ठी दिली, की नोंदवहीच्या रकान्यात ‘संदर्भित’ हा शब्द उमटतो आणि शासनाच्या लेखी एक काम पुरे होते. या शब्दाने कुणा बालकाचे प्राण वाचल्याचे मात्र ऐकिवात नाही.

तान्हे बाळ अंगावर पिणे सोडते, थंडगार पडते, श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जाते. अशा वेळी प्रश्न तासांचा असतो. पण त्याच तासांत घरात काय घडते? सव्वा महिना न झालेल्या बाळंतिणीने उंबरा ओलांडावा की नाही, हे सासू ठरवते. नवरा मजुरीवर गेलेला असतो. थोरल्या लेकरांना सांभाळायला कोणी नसते. २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार आणि वाहन मोफत आहे, हे खरे. परंतु ते वाहन दारी आले की नाही, याची चौकशी कोणी करायची?

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ साली ३९ गावांतील नवजात बालकांची घरी जाऊन नोंद केली. निम्म्याहून अधिक बालकांना उपचारांची गरज होती. डॉक्टरांपर्यंत पोचलेली बालके शंभरांत तीनही नव्हती. रुग्णालयाच्या वहीत हे सत्य कधीच दिसले नसते, कारण तेथे आलेलेच मोजले जातात. गावच्या वहीत केवळ पाठवलेले मोजतात. मधल्या वाटेवर हरवलेले बालक एका वहीत मार्गी लागलेले असते, दुसरीत जन्मलेलेच नसते.

आशांवर कागदांचे ओझे आधीच फार आहे, असे कोणी म्हणेल. मान्य! बेचाळीस दिवसांत सहा-सात गृहभेटी करणाऱ्या, कामागणिक मोबदला मिळणाऱ्या या भगिनींवर आणखी एक वही लादू नका. उत्तरदायी रुग्णालय असावे. बाळ दाखल होताच तिला निरोप जावा. सायंकाळपर्यंत निरोप न आल्यास आरोग्यसेविकेने ते घर गाठावे.

‘आईबापच ऐकत नाहीत’ ही दुसरी सबब. कुटुंब रुग्णालयात जाऊ शकत नसेल, तर गंभीर जंतुसंसर्गाच्या काही बालकांवर घराजवळच्या केंद्रात प्रतिजैविकांचे उपचार करता येतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. पण कुटुंबाचा नकार वेळीच कळला तरच हा मार्ग खुला होतो. ज्यांची विचारपूसच होत नाही, त्यांचा नकार कळणार कसा?

वाचकहो, आपल्या गावच्या आशाताईंना एवढेच विचारा : गेल्या वर्षी तुम्ही धाडलेल्या बालकांपैकी किती पोचली? त्यांना उत्तर ठाऊक नसेल, तर त्यांना बोल लावू नका. तोच प्रश्न घेऊन ग्रामसभेत उभे राहा.