काकांच्या नावाचं झाड

परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच होता, जानेवारीत गेलेल्या काकांच्या स्मरणार्थ झाड लावायचं. पाच मिनिटांत ठराव मंजूर. विरोधात हात वर करणारी मी एकटीच. तेव्हापासून जिन्यात लोक माझ्याकडे जरा विचित्रच बघतायत. झाडाला विरोध? तोही काकांच्या? म्हणून हे लिहायला बसले.

काका आमच्या सोसायटीत अगदी सुरुवातीपासूनचे. सकाळी साडेसहाला पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून, हातात पाइप घेऊन खाली हजर. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पाइप बंद. मग घरोघरी बादली घेऊन फिरायचे. "अगं, तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतलंस? मला द्यायचंस ना!" हे मी किती वेळा ऐकलंय! गेटजवळचा कडुनिंब, मागचे दोन करंज, पाण्याच्या टाकीपाशी बकुळ, सगळं त्यांच्याच हातचं. माझी लेक त्या बकुळीची फुलं वेचत मोठी झाली.

आता ठराव काय ते ऐका. १ मेला झेंडावंदनानंतर वृक्षारोपण, कारण तेव्हा सगळे खाली जमलेले असतातच. झाड कुठलं, तर शोभेचा पाम. कारण काय, तर त्याचा कचरा होत नाही. भोवती लोखंडी जाळी आणि समोर ग्रॅनाइटची पाटी. पाटीवर काकांचं नाव एका ओळीत, त्याखाली कार्यकारिणीची सात नावं. पाटीचा खर्च रोपाच्या कितीतरी पट. असो.

अहो, पण १ मे? पुण्यात? भर उन्हात रोप लावायचं आणि सगळ्यांनी आइस्क्रीम खाऊन घरी जायचं? एक-दोन चांगले पाऊस झाले की जूनमध्ये खड्डा भरायचा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुळं धरतात, हे काकांनी या सोसायटीतल्या प्रत्येक पोराला सांगितलंय. आणि ज्या माणसाने पाखरांसाठी निंबोण्यांची आणि करंजाची झाडं वाढवली, त्याच्या नावाने पाम?

पण माझा खरा राग वेगळाच आहे. याच कार्यकारिणीने गेल्या वर्षी पार्किंगसाठी कडुनिंबाच्या अगदी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. काका तेव्हा आजारी होते, तरी खाली येऊन वाद घालून गेले. झाडाची पाणी शोषणारी बरीचशी मुळं जमिनीच्या वरच्या फूट-दोन फुटांतच असतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. वरून सगळं बंद केलं की झाड लगेच मरत नाही, हळूहळू शेंड्याकडून वाळत येतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते उगाच नाही. आमच्या कडुनिंबाचा शेंडा यंदा वाळलाय. मान वर करून बघितलं तर कुणालाही दिसेल. म्हणजे काकांनी लावलेलं झाड मारायचं आणि त्याच्यापासून दहा पावलांवर काकांच्या नावाचं लावायचं.

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते," असं सेक्रेटरी म्हणाले. असेल. पण हे मी कुठल्या तोंडाने बोलतेय तेही सांगून टाकते. २००९ साली माझे बाबा गेले. आमच्याकडे हल्ली बरेच जण करतात तसं आम्हीही केलं. रक्षा नदीत न सोडता शेताच्या बांधाला खड्डा घेऊन मातीत मिसळली आणि वर आंब्याचं कलम लावलं. फोटोही काढले. मग मी पुण्याला आले, भाऊ मुंबईला गेला. आईचे गुडघे गेलेले, विहिरीवरून कळशी आणणार कोण? पुढच्या मे महिन्यात गेलो तेव्हा तिथे नुसती काटकी उभी होती. आई एक शब्द बोलली नाही. काठीला कलम बांधलेलं जुन्या धोतराचं फडकं तिने सोडून घेतलं, झटकलं आणि घडी करून कमरेला खोचलं. भाऊ म्हणाला दुसरं लावू. मला हो म्हणवेना.

तर माझं मागणं एवढंच आहे. पाटी करायची तर करा, पण आधी कडुनिंबाभोवतीचे ब्लॉक उचला. एक गाडी कमी लागेल, आमची काढते. नवं झाड लावायचंच तर जूनमध्ये, आणि बकुळीचं लावा. सावकाश वाढते म्हणून कुणी लावत नाही, पण काकांना घाई कधीच नव्हती. आणि त्या पाटीवर सात नावं घालायचीच असतील तर पुढचे तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्यांची घाला, एकेक वार एकेकाचा. मी मंगळवार घेतलाय. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तांदळाचं पाणी द्यायचं कबूल केलंय, पण बादली खाली न्यायला कुणीतरी यावं म्हणाल्या. बाकीचे सहा वार अजून रिकामे आहेत.