एकदा फॉरमॅट मारून बघा

आपल्याकडे आजारी माणसाला आणि आजारी कॉम्प्युटरला सल्ला द्यायला कोणतीही पदवी लागत नाही. माणसाच्या बाबतीत निदान सल्ले तरी निरनिराळे मिळतात; कोणी ओवा सांगतो, कोणी काढा. कॉम्प्युटरला मात्र गावोगाव एकच औषध: ‘एकदा फॉरमॅट मारून बघा!’ या वाक्याविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी आज रीतसर नोंदवणार आहे. मी बँकेतला कारकून. नोंद केल्याशिवाय मला जेवण जात नाही.

आम्ही राहतो कारेगावात. एका बाजूला रांजणगावचा महागणपती, दुसऱ्या बाजूला शिरूर आणि उशाशी एमआयडीसी. आमच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांतून जी मंडळी राहतात, ती तिन्ही पाळ्यांत यंत्रं चालवतात, खोलतात, जोडतात. अशा गावात तरी एखादं यंत्र का अडलं याचा शोध घेतला जाईल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

थोरली मुलगी बारावीला. सीईटीचे सराव-पेपर ती घरच्या कॉम्प्युटरवर सोडवते. तो फार हळू चालतो म्हणून मी तालुक्याच्या एका दुकानात नेला. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘काका, बोर्ड चांगलाय. नुसता प्रोसेसर मोठा टाकू. आणि एक नवा कूलर.’ कूलर म्हटल्यावर त्यात पाणी कुठून भरायचं हे मी विचारणारच होतो, पण पदवीची आठवण झाली आणि गप्प बसलो. (पदवी बी.कॉम. आहे, ती सहसा अशाच वेळी आठवते.)

कॉम्प्युटर घरी आला. पहिली दहा मिनिटं हरणासारखा पळाला. मग त्याला उचकी लागली. पडद्यावरचा बाण मधेच थबकायचा, दोन सेकंद मुक्काम करायचा आणि एकदम पलीकडच्या टोकाला जायचा. घरात कोणाला उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात. कॉम्प्युटरची आठवण कोण काढणार? जुना प्रोसेसर? गंमत अशी की पेपरच्या घड्याळाला उचकी लागत नव्हती. ते आपलं पळतच होतं.

दुकानात फोन केला. ‘काका, काहीतरी डाऊनलोड केलं असणार घरात. आणा, फॉरमॅट मारू.’ मेहुणा हिंजवडीत असतो. तो म्हणाला, ‘दाजी, रॅम वाढवा. नाहीतर सरळ क्लीन इन्स्टॉल करा.’ क्लीन इन्स्टॉल म्हणजे हिंजवडीला नोकरी लागलेलं फॉरमॅट, दुसरं काही नाही. शेजारच्या खोलीतल्या फिटरने तर कॉम्प्युटर न बघता, दात घासता घासता, तोंडातला फेस सांभाळत ‘फॉर्म्याट’ एवढंच म्हटलं.

आणि मी? मी मुलीला समोर उभं केलं आणि विचारलं, ‘खरं सांग, काय काय डाऊनलोड केलंस?’ ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती जुन्या पुस्तकातले प्रश्न कागदावर सोडवायला लागली, शेजारी मनगटी घड्याळ ठेवून.

आता माझं म्हणणं ऐका. ताळा जुळत नाही म्हणून खतावणीच जाळून टाकणारा हिशेबनीस कोणी पाहिलाय का? पण फॉरमॅट म्हणजे तेच. चूक जळाली तर जळाली, नाही तर निदान पुरावा तरी जळाला! आणि दोष कधी यंत्राचा नसतो, जोडणाऱ्याचा तर नसतोच. तो वापरणाऱ्याचा, आणि वापरणाऱ्यांतही जो वयाने लहान त्याचा. बँकेत कॅश कमी आली की पहिली नजर नव्या कॅशियरकडे जाते. मी एके काळी तो नवा कॅशियर होतो. त्या संध्याकाळी सगळे माझ्याकडे कसे बघत होते हे मला अजून आठवतं, आणि तरीही मी घरी येऊन तेच केलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा निवृत्तीला आलेले एक हेडक्लार्क होते. बँकांत यंत्रं यावीत की नाहीत यावर १९८० च्या दशकात जो वाद झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, तो सगळा काळ त्यांनी खतावणीवर मान घालून काढलेला. त्यांचं शास्त्र पक्कं होतं. फरकाला नऊने भाग जातो का बघ. जात असेल तर आकडे उलटे पडले असतील, ६३ चे ३६. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोध. जमेची नोंद नावे पडली असेल. आणि एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त कर. दोन केल्यास तर कशाने जुळलं ते देवालाही कळणार नाही.

मी वही घेतली. वेळ, काय चाललं होतं, उचकी किती. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग दिसतो, तोही लिहिला. तिसऱ्या दिवशी वहीच बोलायला लागली. सुरू केल्यावर दहा मिनिटं काही नाही. मग उचकी, आणि उचकीच्या वेळी वेग चार गिगाहर्ट्झवरून एकच्याही खाली. एक फुकटचा प्रोग्राम घेऊन तापमान बघितलं तर ९७ अंश! ९५ ते १०० च्या आसपास गेला की बहुतेक प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच चाल मंद करतात. म्हणजे ही उचकी नव्हती, धाप होती.

उचकीचं कारण नेहमी हेच असतं असं मात्र समजू नका. मार्च २०२२ मध्ये एएमडी कंपनीने जाहीर कबूल केलं की काही रायझन कॉम्प्युटर अधूनमधून अडखळतात, कारण त्यांच्यातली एफटीपीएम नावाची सुरक्षाव्यवस्था बोर्डावरच्या एका चिपशी देवाणघेवाण करताना जास्त वेळ घेते. उपाय निघाला तो बायोसच्या नव्या आवृत्तीत, त्या वर्षीच्या मेपासून. २०२३ साली खुद्द लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स याच व्यवस्थेवर वैतागले होते. त्या दुखण्याला पोतंभर रॅम ओतली असती तरी गुण आला नसता. (बायोस बदलणार असाल तर बिटलॉकरची चावी आधी लिहून ठेवा, आणि आमच्याकडच्यासारखी लाईट असेल तर इन्व्हर्टरशिवाय हात लावू नका. मधेच वीज गेली तर बोर्डच बसू शकतो.)

माझ्या बाबतीत बायोसपर्यंत जावंच लागलं नाही. रविवारी डब्याची बाजू उघडली आणि टेबलफॅन लावला. फरक शून्य. पडद्यावर ९७ आणि वारा एवढा, तरी फरक शून्य? मग फिरत्या पात्यांपासून बोट जपत कूलरच्या धातूला हात लावला. गार! माठासारखा गार!

इथे माझी बी.कॉम. आयुष्यात पहिल्यांदा कामी आली. प्रोसेसरच्या खात्यातून उष्णता नावे पडतेय आणि कूलरच्या खात्यात जमा होत नाही, तर मधे कोणीतरी व्हाउचर दाबून ठेवलंय!

मुलीला हाक मारली. तिने चार स्क्रू काढले, कूलर उचलला. त्याच्या बुडाला एक पातळ पारदर्शक प्लॅस्टिक तसंच चिकटलेलं होतं. बसवण्याआधी हे काढा, असं त्याच्यावरच इंग्रजीत छापलेलं. प्लॅस्टिक सोललं, जुनी पेस्ट पुसली, नवी मोहरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी लावली, कूलर बसवला. तापमान ६२ वर थांबलं. संध्याकाळपर्यंत एकही उचकी नाही.

‘पप्पा,’ ती म्हणाली, ‘हे मी डाऊनलोड केलं होतं का?’

चुकीची नोंद उलटवायला आम्ही दोन सह्या घेतो. मी एकट्याने सही केली, आणि वर रांजणगावला जाऊन भेळ दिली.

सोमवारी ते प्लॅस्टिक पाकिटात घालून दुकानात नेलं आणि काउंटरवर ठेवलं. मुलाने ते उजेडात धरून बघितलं, उलटं करून बघितलं, आणि अगदी आपुलकीने म्हणाला, ‘चालू झालं ना काका? बेस्ट. आता आलाच आहात, तर एकदा फॉरमॅट मारून घ्या.’